“ते आमच्याकडे येत नाही”: मोठ्या कंपन्यांत बिघाड सगळ्यांना माहीत असतो, मग तो दुरुस्त का होत नाही?

दोन्ही हात छातीसमोर एकमेकांवरून न्यायचे आणि बोटं आजूबाजूच्यांकडे रोखायची. जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीत या हावभावाला नाव होतं ‘जीएम सॅल्यूट’. अर्थ सोपा: हे काम माझं नाही, याचं आहे, नाहीतर त्याचं. याचंच भावंड म्हणजे ‘जीएम नॉड’. बैठकीत काय करायचं ते ठरतं, सगळे मान डोलावतात आणि खोलीबाहेर पडल्यावर ते करायचा कोणाचाच विचार नसतो.

ही नावं कंपनीच्या विरोधकांनी ठेवलेली नाहीत. कंपनीतल्याच लोकांनी ती चौकशीत सांगितली. ‘नॉड’चं वर्णन तर खुद्द कंपनीच्या प्रमुख मेरी बॅरा यांनी केलं होतं. वकील अँटन वालुकस यांनी कंपनीच्याच सांगण्यावरून केलेल्या चौकशीचा तीनशेहून अधिक पानांचा अहवाल जून २०१४ मध्ये बाहेर आला आणि त्यात हे दोन्ही हावभाव नोंदले गेले. चौकशीचा विषय होता गाडीची किल्ली जिथे फिरवतात तो स्विच. या एका भागातल्या दोषाशी जोडलेल्या १२४ मृत्यूंसाठी कंपनीने पुढे भरपाई दिली.

इतका जीवघेणा दोष दहा वर्षांहून अधिक काळ कंपनीत कोणाला दिसलाच नाही का? दिसला. अनेकांना दिसला. तो आपल्या टेबलावरचा आहे, असं मात्र कोणाला वाटलं नाही.

मोठ्या कंपनीत काम करणाऱ्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. “हे आमच्याकडे येत नाही, त्या टीमला विचारा.” “आम्ही आमचं करून पुढे पाठवलंय.” “तिकीट सध्या त्यांच्याकडे आहे.” टोलवाटोलवी हा शब्द आपण सहसा सरकारी कचेऱ्यांसाठी राखून ठेवतो. काचेच्या इमारतींमध्ये फाइलऐवजी ईमेल फिरतो, एवढाच फरक.

नेमकं बिघडलं काय होतं?

जनरल मोटर्स हे नाव महाराष्ट्राला नवं नाही. पुण्याजवळ तळेगावला या कंपनीचा कारखाना होता. हे प्रकरण मात्र अमेरिकेतलं, आणि गाड्या शेवरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन आणि त्यांच्या भावंडांच्या.

गाडीची किल्ली फिरवताना प्रत्येक टप्प्यावर ती किंचित अडते. तो अडथळा मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणजे किल्ली आपोआप मागे फिरत नाही. या स्विचसाठी किती जोर लागला पाहिजे, याचा आकडा जनरल मोटर्सच्याच कागदांवर होता. पुरवठादार डेल्फी कंपनीने बनवलेला स्विच चाचण्यांमध्ये त्या आकड्याच्या खाली भरत होता. तरीही २००२ मध्ये स्विचची जबाबदारी असलेल्या अभियंत्याने त्याला मंजुरी दिली. हा स्विच आधीच इतक्या वेगवेगळ्या कारणांनी डोकेदुखी ठरला होता, की त्या अभियंत्याने एका ईमेलच्या शेवटी आपल्या नावासोबत ‘नरकातल्या स्विचला कंटाळलेला’ असं लिहिलं होतं.

परिणाम असा, की किल्लीला जड जुडगा लटकत असेल, चालकाचा गुडघा लागला किंवा गाडी खड्ड्यातून आदळली, तर चालत्या गाडीत किल्ली मागे फिरायची. इंजिन बंद. स्टिअरिंग एकदम जड. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, अपघात झालाच तर एअरबॅग उघडायची नाही. कारण किल्ली त्या टप्प्यावर असेल तर गाडी उभी आहे असं समजून एअरबॅग बंद ठेवायची, अशी रचना कंपनीनेच केली होती. उभ्या गाडीत एअरबॅग उगाच फुटून कोणाला इजा होऊ नये, हा त्यामागचा हेतू. स्वतंत्रपणे पाहिलं तर अगदी शहाणपणाचा.

म्हणजे स्विच एका टीमचा आणि एअरबॅग दुसऱ्या टीमची. मृत्यूचं कारण या दोघांच्या मधल्या जागेत होतं, आणि ती जागा कंपनीच्या कुठल्याच तक्त्यावर दाखवलेली नव्हती.

‘गैरसोय’ म्हटलं, तिथेच गाडी अडली

वालुकस अहवालातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग तांत्रिक नाही. तो आहे नाव देण्याबद्दलचा.

कोबाल्ट बाजारात आली तेव्हाच तक्रारी सुरू झाल्या होत्या. गाडी चालवून पाहणाऱ्या पत्रकारांनी २००५ मध्ये वृत्तपत्रांत लिहिलं, की गुडघा लागला तरी इंजिन बंद पडतं. कंपनीतही या तक्रारीची रीतसर नोंद झाली, अभियंत्यांनी उपाय सुचवले. पण चालत्या गाडीचं इंजिन बंद पडणं ही गोष्ट ‘ग्राहकाची गैरसोय’ या खात्यात टाकली गेली, ‘सुरक्षेचा प्रश्न’ या खात्यात नाही. युक्तिवाद असा होता, की इंजिन बंद पडलं तरी जोर लावून स्टिअरिंग फिरवता येतं, ब्रेक लागतो, गाडी कडेला घेता येते. इंजिनासोबत एअरबॅगही जाते, हे या मंडळींच्या ध्यानातच आलं नाही. वालुकस यांनी त्याबद्दल सरळ लिहिलं आहे, की स्वतः बनवलेली गाडी कशी चालते हे त्यांना समजलेलं नव्हतं.

नाव बदललं की मालक बदलतो. सुरक्षेचा प्रश्न असता तर तो वेगळ्या लोकांपुढे, वेगळ्या घाईने गेला असता आणि तिथे खर्चाची घासाघीस फारशी चालली नसती. गैरसोय म्हटल्यावर मात्र तो गाडीच्या खर्चाचा हिशेब पाहणाऱ्यांपुढे गेला. तिथे २००५ मध्ये उत्तर मिळालं, की सुचवलेल्या उपायांपैकी एकही व्यवसायाच्या दृष्टीने परवडणारा नाही. या भागाची किंमत पुढे अमेरिकी संसदेच्या सुनावणीत सांगितली गेली: ५७ सेंट. त्या वेळच्या दराने साधारण ३५ रुपये.

मग काय केलं? डिसेंबर २००५ मध्ये डीलरांना एक सूचनापत्रक धाडलं. ग्राहकाने तक्रार केली तर त्याला किल्लीच्या जुडग्यातल्या जड वस्तू काढायला सांगा, असा त्यातला सल्ला. पत्रकात गाडी ‘बंद पडते’ हा शब्द टाळला होता, कारण तो सरकारी यंत्रणेच्या डोळ्यांत भरेल अशी भीती होती. शब्दांची ही धास्ती नंतर शिकवणीतही उतरली. २००८ मधल्या एका प्रशिक्षणात कर्मचाऱ्यांना ‘दोष’ऐवजी ‘आराखड्यानुसार काम करत नाही’ असं लिहा, असं सांगितलं गेलं. ज्याला दोष म्हणायचंच नाही, त्याचा मालक कोण होणार?

वाहतूक पोलिसाला जमलं, कंपनीला नाही

ऑक्टोबर २००६ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात एका कोबाल्टला अपघात झाला. एअरबॅग उघडल्या नव्हत्या. तपास करणाऱ्या राज्य पोलिसाने गाडीची नोंद पाहिली तर किल्ली चालू टप्प्यावर नव्हती. त्याने कंपनीचं ते सूचनापत्रक शोधून काढलं आणि दोन्ही गोष्टी जोडून २००७ च्या अहवालात लिहिल्या. त्याच अपघाताचा अभ्यास करणाऱ्या इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनीही हा धागा पकडला. पोलिसाचा अहवाल कंपनीच्या विधी विभागाच्या फायलीत येऊन पडला होता. अभियंते मात्र आणखी कितीतरी वर्षं एअरबॅग का उघडत नाहीत याचा शोध घेत राहिले.

यातला विरोधाभास पाहण्यासारखा आहे. पोलिसाला ना स्विचची टीम ठाऊक होती, ना एअरबॅगची. त्याच्यापुढे फक्त एक मोडलेली गाडी होती, आणि ती संपूर्ण त्याचीच जबाबदारी होती. कंपनीत माहिती याहून कितीतरी जास्त होती, पण ती वाटलेली होती. वॉरंटीचे दावे एकीकडे, कोर्टातले खटले दुसरीकडे, चाचण्यांचे आकडे तिसरीकडे.

त्यात एका गोष्टीने कहर केला. एप्रिल २००६ मध्ये त्याच अभियंत्याने स्विचच्या सुधारित रचनेला मंजुरी दिली, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला. कारखान्यांच्या जगात हे मोठं पाप समजलं जातं. जुना आणि नवा भाग कागदावर एकच दिसू लागला. २००८ पासूनच्या गाड्यांमध्ये अपघात कमी का, याचं उत्तर शोधणाऱ्यांना कागदावर काहीच बदललेलं दिसेना. शेवटी हा बदल कंपनीतल्या कोणी नाही, तर जॉर्जिया राज्यातल्या एका मृत तरुणीच्या आईवडिलांच्या वकिलाने आणि त्याने नेमलेल्या तज्ज्ञाने उघड केला. त्यांनी जुना आणि नवा स्विच उघडून आतले भाग मोजले.

दरम्यान कंपनीत काहीच होत नव्हतं असं नाही. उलट बैठकांवर बैठका होत होत्या. समित्या होत्या, उपसमित्या होत्या. प्रकरण एका समितीकडून दुसऱ्या समितीकडे जायचं आणि प्रत्येक वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून वाचावं लागायचं. अनेकांनी चौकशीत सांगितलं, की सुरक्षेच्या बैठकांमध्ये ते टिपणं घेत नसत, कारण वकिलांना ते आवडत नाही असा समज होता. त्यामुळे कोणत्या बैठकीत कोणी काय कबूल केलं, हे शोधणंही अवघड झालं.

फेब्रुवारी २०१४ मध्ये गाड्या परत बोलावायला सुरुवात झाली. मार्चअखेर हा आकडा २६ लाखांवर गेला.

माणसाचा स्वभाव किती, कंपनीची रचना किती?

१९६८ मध्ये बिब लताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. विद्यार्थ्यांना एका खोलीत प्रश्नावली भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. खोलीत एकटाच असलेल्यांपैकी ७५ टक्के जणांनी उठून बाहेर सांगितलं. तिघे विद्यार्थी एकत्र असले तर अशा गटांपैकी ३८ टक्क्यांतच कोणी उठलं. आणि सोबतचे दोघे प्रयोगकर्त्यांचेच, मुद्दाम ढिम्म बसलेले असले, तर फक्त १० टक्के. माणसं जितकी जास्त, तितका प्रत्येकाच्या वाट्याला येणारा जबाबदारीचा तुकडा लहान. अकबर-बिरबलाच्या गोष्टीतला दुधाचा हौद साधारण हेच सांगतो. बाकीचे दूध ओतणारच आहेत, मग माझा एक तांब्या पाण्याचा असला तर कोणाला कळणार?

तरी सगळा दोष स्वभावावर टाकणं सोयीचं असलं तरी पुरेसं नाही. धुराच्या खोलीतल्या माणसांना उठायला कोणी अडवलं नव्हतं. कंपनीत अडवलं जातं. दुसऱ्या टीमच्या कामात हात घातला तर “तुझं काय काम?” असं ऐकावं लागतं. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात स्वतःच्या टीमची उद्दिष्टं मोजली जातात, शेजारच्या टीमचा वाचवलेला अपघात नाही. आणि जो प्रश्न पहिल्यांदा मांडतो, तो प्रश्न त्याच्याच गळ्यात पडतो, हे तर प्रत्येक नोकरदार पहिल्या सहा महिन्यांत शिकतो. गप्प बसणारा माणूस आळशीच असतो असं नाही. बऱ्याचदा तो हिशेबी असतो.

चारशे जणांना एकच मेल

गाडी जाऊ द्या, आता सॉफ्टवेअरचं उदाहरण. अमेरिकेतली इक्विफॅक्स ही कंपनी लोकांच्या कर्जफेडीची माहिती ठेवते. मार्च २०१७ मध्ये अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमध्ये गंभीर त्रुटी असल्याचं जाहीर झालं. दुरुस्तीही उपलब्ध होती. अमेरिकी सरकारच्या यंत्रणेने इक्विफॅक्सला कळवलं आणि ९ मार्चला कंपनीत चारशेहून अधिक जणांना मेल गेला: ४८ तासांत दुरुस्ती करा.

झाली नाही. सिनेटच्या चौकशीत जे कळलं, ते वाचून हसावं की रडावं कळत नाही. कंपनीत हे सॉफ्टवेअर कुठे वापरलं आहे याची कल्पना असलेला प्रोग्रामर त्या यादीत नव्हता. त्याचा मॅनेजर होता. मॅनेजरने मेल पुढे पाठवला नाही.

ज्या सिस्टीममधून हॅकर शिरले, ती ग्राहकांच्या तक्रारींसाठीची होती आणि मूळची १९७० च्या दशकातली. कंपनीच्या धोरणात प्रत्येक सिस्टीमचा व्यावसायिक मालक, तांत्रिक मालक वगैरे पदं होती. मात्र या म्हाताऱ्या सिस्टीमसाठी ती पदं नेमकी कोणाकडे, हे स्पष्ट नव्हतं. जुन्या वाड्याच्या सामाईक जिन्यासारखी तिची गत. वापरतात सगळे, डागडुजी कोणी करायची यावर वाद. चोरी होतेय का हे पाहणारं उपकरणही आंधळं झालं होतं, कारण त्याला लागणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. संसदेच्या अहवालानुसार त्याला १९ महिने उलटले होते. तेही नवं करणं कोणाचं तरी काम होतंच. हॅकर मे महिन्यात शिरले, ७६ दिवस आत वावरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती उघडी पडली.

याच्या मुळाशी एक गंमतीशीर तपशील आहे. इक्विफॅक्समध्ये माहितीच्या सुरक्षेचा प्रमुख आयटी प्रमुखाच्या हाताखाली नव्हता, तर विधी प्रमुखाच्या हाताखाली होता. का? तर बऱ्याच वर्षांपूर्वी त्या वेळच्या सुरक्षा प्रमुखाचं आणि आयटी प्रमुखाचं पटत नव्हतं, म्हणून दोघांना वेगळं केलं. दोघेही पुढे निघून गेले. त्यांच्या भांडणातून आखलेली रेघ मात्र तशीच राहिली. त्रुटी शोधायची एका विभागाने आणि दुरुस्त करायची दुसऱ्याने, आणि या दोघांचा एकत्र साहेब थेट कंपनीचा सर्वोच्च अधिकारी.

मग कंपन्या काय करून बघतात?

सगळ्यात प्रसिद्ध उपाय अ‍ॅपलचा. तिथे बैठकीतल्या प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव लिहिलं जातं आणि त्याला ‘थेट जबाबदार व्यक्ती’ म्हणतात. टीमचं नाव चालत नाही, दोन नावंही चालत नाहीत. अनेक कंपन्यांमध्ये याचा मोठा भाऊ असतो, तो म्हणजे चार रकान्यांचा तक्ता: काम कोण करणार, उत्तर कोण देणार, सल्ला कोणाचा घ्यायचा आणि कळवायचं कोणाला. यातला दुसरा रकाना खरा महत्त्वाचा आणि तिथे एकच नाव असायला हवं. प्रत्यक्षात सगळ्यांची धडपड चौथ्या रकान्यात बसण्यासाठी चाललेली असते.

नाव लिहिणं सोपं आहे. त्या नावाला पैसे खर्च करायचा, दुसऱ्या टीमचं काम थांबवायचा अधिकार आहे का, हा पुढचा प्रश्न. शिवाय दर वर्षा-दोन वर्षांनी टीमची फेररचना होते, माणसं नोकरी सोडतात आणि तक्त्यात गेलेल्या माणसांची नावं राहून जातात. नवीन गोष्टींना मालक लवकर मिळतात, कारण त्यात श्रेय असतं. बेवारस होतात त्या जुन्या, न बिघडता चालणाऱ्या गोष्टी.

एका नावाचा दुसरा धोकाही आहे. काहीतरी बिघडलं की ते एक नाव पुढे करून बाकीचे सुटतात. इक्विफॅक्सचे माजी प्रमुख रिचर्ड स्मिथ यांनी संसदेत सांगितलं, की दुरुस्तीची सूचना योग्य व्यक्तीपर्यंत पोचवण्यात एक माणूस चुकला. त्या सुनावणीच्या आदल्याच दिवशी कंपनीने एका वरिष्ठ अधिकाऱ्याला काढलं होतं, कारण काय तर एक मेल पुढे पाठवला नाही. चारशे जणांच्या यादीतला एक मेल! ज्या कंपनीत सिस्टीमला मालक नव्हता, तिथे दोषाला मात्र चटकन मालक सापडला. त्यानंतर कंपनीने नवा सुरक्षा प्रमुख आणला आणि त्याला थेट सर्वोच्च अधिकाऱ्याला उत्तरदायी केलं. खरी दुरुस्ती ती होती.

जनरल मोटर्सनेही १५ जणांना काढलं. पण त्यासोबत मार्च २०१४ मध्ये जगभरातल्या गाड्यांच्या सुरक्षेसाठी एक स्वतंत्र वरिष्ठ पद तयार केलं, आणि धोका दिसला तर कर्मचाऱ्यांनी बोलावं यासाठी वेगळी सोय केली. म्हणजे दोन टीमच्या मधली जागाच एका माणसाच्या नावावर केली.

दोन कंपन्यांच्या मधली जागा

हाच पेच दोन वेगळ्या कंपन्यांमध्ये आला, तर वरून हुकूम देणारा एक साहेबही नसतो. एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून पैसे गेले, किंवा दुकानात यूपीआय केलं, पैसे कटले आणि दुकानदार म्हणतो आले नाहीत, हा अनुभव बहुतेकांना आहे. तुमची बँक म्हणते समोरच्या बँकेला विचारा, अ‍ॅप म्हणतं बँकेला विचारा.

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात यावर जो मार्ग काढला, तो वेगळा आहे. चूक कोणाची याचा निवाडा होईपर्यंत ग्राहकाला थांबवायचं नाही. मुदत आणि दंड आधीच ठरवून टाकायचा. एटीएममधून पैसे न येता खात्यातून गेले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत जमा झाले पाहिजेत. दुकानात केलेल्या यूपीआय व्यवहाराची खात्री दुकानदाराला मिळाली नाही, तर तिथेही पाच दिवस. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात यूपीआयने पाठवलेले पैसे पोचले नाहीत, तर एकच दिवस. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. आणि ती मिळवण्यासाठी ग्राहकाने अर्ज किंवा तक्रार करायची गरज नाही. बँकेने स्वतःहून ती खात्यात जमा करायची आहे.